लँड्सबरोची चढण

१९३८ चा एप्रिल. पहाटेचे चार वाजलेत आणि तुम्ही कॅनव्हासच्या तंबूत बसून ओले मोजे पायांत चढवताय. कोरडी जोडी पिशवीत आहे, पण ती रात्री झोपताना घालायची. थोड्याच वेळात नदीत उतरायचंय, मग कोरडे मोजे भिजवून काय मिळणार? बाहेर तुमचा जोडीदार राखेतले निखारे फुंकून जाळ करतोय. काळा चहा, त्यात सढळ हाताने साखर, बिडाच्या भांड्यात भाजलेल्या पावाचा कालचा तुकडा आणि हरणाचं गार मांस. काल रात्री हेच होतं, आज रात्रीही हेच असेल.

तुम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, लँड्सबरो नदीच्या खोऱ्यात आहात. गाडीरस्ता केव्हाच मागे संपला. त्यापुढे हास्ट खिंडीतली घोडवाट होती. फार पूर्वी याच खिंडीतून माओरींच्या न्गाई ताहू जमातीचे लोक पौनामू हा हिरवा दगड घेऊन ये-जा करायचे. घोड्यांनी पिठाची पोती, ओट, तांदूळ, चहा आणि काडतुसांच्या पेट्या खोऱ्याच्या खालच्या मैदानापर्यंत आणून टाकल्या आणि ते माघारी गेले. तिथून वर सगळं तुमच्या पाठीवर आलंय. आजारी पडलात, पाय मोडला, तरी मदत काही दिवसांच्या चालीवर आहे.

तुम्ही सरकारी नोकर आहात. अंतर्गत व्यवहार खात्याने तुम्हाला पगारावर ठेवलंय आणि काम एकच दिलंय: हरणं मारायची. माराल तितक्या शेपट्या कापून आणायच्या, शेपटीमागे वर थोडी बक्षिसी. १९३१ पासून ही मोहीम चालू आहे. तिचा प्रमुख कॅप्टन येरेक्स, पहिल्या महायुद्धातला अधिकारी, सगळे त्याला ‘स्किपर’ म्हणतात. या कामाला लांब पल्ल्याचे नेमबाज नकोत, चालणारी माणसं हवीत. कारण इथे गोळी झाडायला क्षणभर पुरतो आणि तिथवर पोहोचायला अख्खा दिवस जातो.

अंगावर लोकरीचा लांब सदरा, खाली अर्धी चड्डी. लांब विजार भिजली की पायाला चिकटते आणि नदीत ओढते. बुटांच्या तळांना खिळे ठोकलेत. खांद्याला पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची ली-एनफील्ड रायफल, वजन चार किलोच्या आसपास. कमरेला सुरी, मेण लावून बंद केलेल्या डबीत काडेपेटी. बस्स.

आता नदी. पहाटे निघायचं खरं कारण हीच. लँड्सबरोला हिमनद्यांचं पाणी येतं. दिवसभर ऊन लागलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी चढतं. रात्रीच्या गारठ्याने ते उतरतं. म्हणून पार व्हायचं ते उजाडण्याआधी. कंदिलाच्या उजेडात पाणी राखाडी, दुधाळ दिसतं. हिमनदीने दळलेल्या खडकाची पूड आहे ती. तळ दिसत नाही. नदी जिथे तीन-चार फाट्यांत पसरलीय तिथे उतार सापडतो. एकच प्रवाह अरुंद होऊन शांत वाहताना दिसला तर तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, तिथे डोह आहे.

जोडीदाराने एक लांब वासा आणलाय. दोघांनी तो छातीशी आडवा धरायचा, अंगाने दांडगा तो प्रवाहाच्या वरच्या बाजूला, तुम्ही त्याच्या आडोशाला. तोंड पलीकडच्या काठाकडे, आणि चालायचं ते थोडं प्रवाहाबरोबर तिरकं. पाणी गुडघ्याला लागतं, मांडीला लागतं, मग कमरेला. थंडी इतकी की पाय आहेत की नाहीत ते कळेनासं होतं. “पायाखाली ऐक,” जोडीदार ओरडतो. “गोटे गडगडायला लागले तर लगेच मागे फिरायचं.” गोटे गप्प आहेत. तुम्ही पलीकडे पोहोचता. इथे नद्यांनी इतकी माणसं नेलीत की मागच्या शतकात लोक बुडून मरण्यालाच ‘न्यूझीलंडी मरण’ म्हणू लागले होते.

काठ चढला की जंगल लागतं. रुपेरी बीचचे वृक्ष, बुंध्यांवर शेवाळ, फांद्यांवरून लोंबणारी दगडफुलासारखी झालर. अंधार विरळ होतो तशी एक गोष्ट तुमच्या ध्यानात येते: या रानाला खालचा मजलाच नाही. डोक्याच्या वर पानं आहेत, पायाखाली शेवाळ आहे, मधलं सगळं रिकामं. रुंद पानांची जी झुडपं इथे दाट असायला हवीत, त्यांचे नुसते खुंट उरलेत. हरणाचं तोंड जिथवर पोहोचतं तिथवर पाला साफ झालाय. उरलंय ते हरणाला न आवडणारं: तिखट पानांचा होरोपिटो आणि चिवट नेचे. मोठी झाडं अजून उभी आहेत, पण त्यांच्या सावलीत एकही रोप नाही. पन्नास-शंभर वर्षांनी ही झाडं पडतील तेव्हा त्यांच्या जागी कोण उभं राहणार, हा प्रश्न तुम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ही तांबडी हरणं इथली नाहीत. या देशात माणूस येण्यापूर्वी जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. पाला खाणारे होते ते मोआ नावाचे प्रचंड पक्षी, माणूस आल्यावर तेही संपले. मग ब्रिटिश वसाहतवाले आले. त्यांच्या मायदेशी हरणाची शिकार ही जमीनदारांची मिरासदारी होती. नव्या देशात ती सामान्य माणसालाही मिळावी, डोंगर ‘सुने’ राहू नयेत, अशा उमेदीने १८५१ पासून जहाजांतून हरणं यायला लागली. तुम्ही ज्यांच्या मागावर आहात त्यांचे पूर्वज स्कॉटलंडच्या इन्व्हरमार्कच्या डोंगरातून पकडून आणले आणि १८७१ मध्ये ओटागोत सोडले. मूठभर जनावरं होती ती. ना वाघ, ना लांडगा, ना कुणी दुसरा शत्रू. ती वाढत, पसरत, खोऱ्यामागून खोरी ओलांडत इथवर आली. तांबडं हरीण हे आपल्या सांबराचं भाऊबंद. आणि खुद्द सांबरंही श्रीलंकेहून १८७५ च्या सुमारास उत्तर बेटावरच्या मानावाटूत आणली गेली. हिमालयातले थार १९०४ मध्ये याच पर्वतरांगेत, आओराकी शिखराच्या पायथ्याशी सोडले. जगभरातून प्राणी गोळा करून माणसांनी हे डोंगर भरले आणि त्यांना कायद्याचं संरक्षणही दिलं. १९३० मध्ये क्राइस्टचर्चला हरणांच्या उपद्रवावर परिषद भरली, संरक्षण उठलं, आणि पुढच्या वर्षापासून तुमच्यासारख्यांची भरती सुरू झाली.

चढ उभा आहे. मुळांना धरून, गुडघे टेकत, सहा-सातशे मीटर. घामाने सदरा भिजतो आणि थांबलात की लगेच गारठतो. चढताना वारा तुमच्या तोंडावर येतोय. रात्रीची थंड हवा उतारावरून खाली वाहते, पाण्यासारखीच. म्हणून आत्ता खालून चढणं ठीक आहे, तुमचा वास वर जात नाही. पण ऊन धारेला लागलं की हवा तापून उलटी फिरेल आणि खालून वर वाहू लागेल. तोवर तुम्ही हरणांच्या वर पोहोचलेले असायला हवं. पोहोचला नाहीत, तर तुम्ही दिसण्याच्या कितीतरी आधी तुमचा वास त्यांना गाठेल आणि दिवस फुकट जाईल. घड्याळ जोडीदाराकडे आहे, पण तो बघतो ते पूर्वेकडच्या शिखरांवरच्या उजेडाकडे.

झाडी एकदम संपते. पुढे टसॉक गवताचे पिवळट झुपके, मध्येमध्ये कातळ, आणि वर करड्या दगडांचा घसारा. जोडीदार तळहात खाली दाबून खूण करतो. तुम्ही आडवे होता. स्पॅनियार्ड नावाच्या वनस्पतीची सुईसारखी पाती मांडीत घुसतात, ओरडायचं नाही. एक धार वळसा घालून चढायची, मग तिच्या माथ्यावरून डोकं इंचाइंचाने वर काढायचं. आभाळाच्या पार्श्वभूमीवर डोकं उठून दिसू नये म्हणून दगडाच्या कडेने.

खाली, घळीच्या तोंडाशी, पाच हरणं चरतायत. चार माद्या आणि एक पाडस.

त्यांचे तांबूस रंग ओल्या गवतात मिसळून गेलेत. एक हलली म्हणून तुम्हाला दिसल्या. सर्वांत पुढची मादी वयस्क आहे. ती दोन घास खाते आणि मान वर करते. कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात, एक पुढे, एक मागे. बाकीच्या निर्धास्त चरतायत, कारण ती जागी आहे. जोडीदार कानाशी कुजबुजतो, “आधी तिला. ती पडली की बाकीच्यांना कुठे पळायचं तेच कळत नाही.”

पलीकडच्या धारेवरून नर डुरकतो. एप्रिल हा इथला शरद, नरांच्या माजाचा महिना. आवाज घशाच्या तळातून निघतो, खडबडीत, लांबलचक, आणि दरीच्या दोन्ही भिंतींवर आदळून परत येतो. तुमचं मन तिकडे ओढ घेतं. शिंगं केवढी असतील? छंद म्हणून शिकार करणारा इथून उठेल आणि त्या आवाजामागे जाईल. तुम्ही जायचं नाही. एक नर कमी झाल्याने कळप कमी होत नाही, माद्या उरल्या तर पुढच्या डिसेंबरात पाडसं होणारच. या कामात मान वळवून शिंगांकडे बघायची सोय नाही.

तुम्ही दस्ता खांद्याला टेकता. लाकूड दवाने ओलं आहे. मागची खाच, पुढची माशी आणि मादीच्या पुढच्या पायामागचा खळगा एका रेषेत येतात आणि श्वासाबरोबर हलतात. श्वास अर्धा सोडून धरून ठेवायचा. चाप.

आवाज दरीभर फिरतो, म्हणून तो कुठून आला हे हरणांना उमगत नाही. वयस्क मादी दोन पावलं टाकते आणि बसते. बाकीच्या पळत सुटत नाहीत. त्या तिच्याकडे वळतात, थबकतात, पुन्हा एकमेकींभोवती फिरतात. ज्या विश्वासाने त्या तिच्यामागे चालत आल्या तोच आता त्यांचा घात करतोय. खिटी मागे, पुढे. जोडीदाराची रायफल, तुमची, पुन्हा त्याची. घळीत चार माद्या पडल्यात.

पाडस उभं आहे. चार महिन्यांचं असेल. ते पडलेल्यांपैकी एकीजवळ जातं, नाक लावतं, मान वर करून तुमच्या दिशेने बघतं. ते अजून पळालेलं नाही. जोडीदार तुमच्याकडे बघत नाही, फक्त म्हणतो, “हिवाळा येतोय. एकटं राहिलं तर उपाशी मरेल.” ते खरं असेलही, नसेलही, पण इथे ठेवून जाणं म्हणजे दया नव्हे, हे तुम्हाला कळतं. पाचवी गोळी तुमची आहे. ही गोळी तुम्ही कुणाला सांगणार नाही, विसरणारही नाही.

मग काम. जवळ गेल्यावर डोळ्यांच्या पापण्या दिसतात, ओठांवर अडकलेली गवताची काडी दिसते, अंगाची ऊब हाताला लागते. शेपट्या कापायच्या, पिशवीत टाकायच्या. तळाजवळचं जनावर असतं तर कातडं सोललं असतं, इथून ते वाहून नेणं शक्य नाही. मांडीचं मांस रात्रीपुरतं घ्यायचं. बाकी सगळं इथेच. जवळच्या कातळावर दोन केआ पोपट उतरलेत, हिरवे, वाकड्या चोचीचे, आणि तुमच्या पिशवीच्या बंदावर त्यांचा डोळा आहे. मांसाचा हा केवढा ढीग, आणि तो खायला कुणी नाही. मारणं गरजेचं असेल, पण हे वाया जाणं बघताना तुमच्या पोटात कालवतं. बघायलाच हवं ते. नजर चुकवून हे काम करणारा माणूस लवकरच वाईट शिकारी होतो.

दुपारी जोडीदार पश्चिमेकडे बोट दाखवतो. माशाच्या पाठीसारखे गुळगुळीत लांब ढग शिखरांवर थांबलेत आणि वारा उबदार झालाय. वायव्येचा वारा. टास्मान समुद्राची वाफ घेऊन येतो आणि या भिंतीवर सगळी ओततो. या पर्वतांच्या पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला दहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या आंबोलीपेक्षाही जास्त. तुम्ही उतरू लागता, पण पाऊस तुमच्यापेक्षा जलद उतरतो. झाडीत पोहोचेपर्यंत प्रत्येक ओहोळ धबधबा झालाय. काठावर येता तेव्हा सकाळचे चार फाटे एक झालेत आणि पाणी तपकिरी आहे. आता ऐकायची गरज नाही, पाण्याखाली दगड गडगडताना काठावरही जाणवतात.

पलीकडे तंबू आहे, कोरडे मोजे आहेत, पीठ आहे. अंतर दोनशे पावलं. जोडीदार क्षणभर बघतो आणि पाठ फिरवतो. “पाणी उतरेपर्यंत थांबायचं.” या एका वाक्यात या खोऱ्यातलं सगळं शहाणपण आहे. ज्यांना घाई झाली ते वाहून गेले.

एका झुकलेल्या कातळाखाली तुम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसता. ओल्या लाकडाचा जाळ धुराने डोळे चोळायला लावतो. मांस अर्धं भाजलं, अर्धं कच्चं. नामू, म्हणजे इथली चावरी काळी चिलटं, पावसाने तेवढी थांबलीत. जोडीदार खिशातल्या वहीत पेन्सिलने आजची संख्या लिहितो: पाच.

रात्री मोठा गडगडाट होतो आणि जमीन हलल्यासारखी वाटते. पलीकडच्या उतारावरून दरड खाली येतेय. दगड, माती, झाडं, सगळं. सरकारी कागदांत लिहिलंय की हरणांनी झाडोरा खाल्ला, म्हणून डोंगर धुपताहेत, म्हणून नद्या खालची शेतं बुडवताहेत. तुमच्या नोकरीचं कारण तेच आहे. पण तुम्ही आज त्या उताराखालून गेलात. तिथे जुन्या दरडींचे थर एकावर एक दिसत होते, त्यांच्यावर शेकडो वर्षांचे वृक्ष उभे होते. त्या दरडी कोसळल्या तेव्हा इथे एकही हरीण नव्हतं.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ते माहीत आहे जे जोडीदाराला माहीत नाही. पुढच्या संशोधनात दिसेल की हे पर्वत भूगर्भातल्या रेट्याने दर वर्षी काही मिलिमीटर वर उचलले जातात आणि पाऊस त्यांना तितक्याच हट्टाने खाली ओढतो. धूप मुख्यतः पर्वतांची आपली आहे. ग्रॅम कॉगली हा शास्त्रज्ञ, ज्याने इथल्या थारांवर अभ्यास केला, १९८३ मध्ये ‘द डिअर वॉर्स’ या पुस्तकात या सगळ्या मोहिमेची झाडाझडती घेईल. पण रानाचा खालचा मजला रिकामा होतो हे मात्र खरंच ठरेल. १९४८ मध्ये फियोर्डलँडच्या मर्चिसन पर्वतात ताकाहे हा नामशेष समजला गेलेला पक्षी पुन्हा सापडेल, आणि ज्या टसॉकवर तो जगतो तेच हरणंही खातात हे दिसल्यावर तिथून हरणं हटवणं भाग पडेल. कारण चुकीचं होतं, काम पूर्ण चुकीचं नव्हतं. आणि या दोन्हींतला फरक आधी दिसला तो कागदावर नव्हे, उतारावर.

१९६० च्या दशकात या आकाशात हेलिकॉप्टर येईल. दारात बसलेला माणूस एका सकाळी इतकी हरणं मारेल, जितकी तुम्हा दोघांना महिन्यात मिळत नाहीत. मांस दोरीला लटकून दरीबाहेर जाईल आणि पश्चिम जर्मनीच्या बाजारात विकलं जाईल. १९७० च्या सुमारास हरणं कुंपणात पाळायला परवानगी मिळेल आणि ज्यांना मारायला पगार मिळत होता त्यांनाच जाळ्यात जिवंत पकडायला पैसे मिळतील. पायी शिकाऱ्यांना पस्तीस वर्षांत जमलं नाही ते हेलिकॉप्टरना थोड्या वर्षांत जमेल. कळप खरोखर विरळ होतील आणि मांस फारसं वाया जाणार नाही. हा मोठा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा.

तरी पायी केलेल्या त्या कामाची किंमत कमी होत नाही. हरणं इथे आणणाऱ्यांनी हा उतार चढून पाहिला नव्हता, नकाशावर डोंगर रिकामे दिसले आणि त्यांनी ते भरले. धुपीचं खापर हरणांवर फोडणाऱ्यांतल्या अनेकांनी दरड कोसळताना ऐकली नव्हती. दोन्ही वेळा चूक झाली ती लांबून बघितल्यामुळे, आणि दोन्ही वेळा ती भोगली हरणांनी, ज्यांचा यात कसलाच दोष नव्हता. त्या चुकांचा हिशेब ज्यांनी चालत जाऊन चुकता केला त्यांना प्रत्येक जिवासाठी एक नदी, एक चढण आणि एक पाडसाची नजर सोसावी लागली. म्हणूनच त्यांना रानाचा रिकामा मजला दिसला, जुन्या दरडी दिसल्या, कुठली झाडं उरली आणि का उरली ते दिसलं.

लँड्सबरोच्या वरच्या खोऱ्यात आजही रस्ता नाही. आता तिथे मोहुआ या पिवळ्या डोक्याच्या छोट्या पक्ष्यासाठी उंदीर आणि स्टोट या छोट्या शिकारी प्राण्याचा बंदोबस्त केला जातो आणि १९९८ पासूनच्या मोजणीत मोहुआ वाढलेले दिसतात. स्टोटही माणसानेच आणलेला प्राणी. म्हणजे अजूनही तिथे कोण जगावं आणि कोण नाही, हे माणसालाच ठरवावं लागतंय आणि पुढेही लागेल, कारण घडी त्यानेच विस्कटलीय. ते ठरवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे: आधी ते डोंगर पायी चढा, नदीचं पाणी उतरेपर्यंत काठावर थांबा, जे मारायचं आहे त्याच्या अंगाची ऊब हाताला लागू द्या, आणि मग सही करा.